आपल्या पीटीच्या सरांसाठी काय करायचं? (आणि त्या दोरीवरच्या गाठी कसल्या?)

जुना_बाक
गेल्या आषाढात सर गेले. सकाळी मैदान, दुपारी नववी-दहावीची भूमिती, संध्याकाळी पुन्हा मैदान आणि कोपऱ्यात पत्र्याखालचा तो कुस्तीचा लहान हौदा, म्हणजे मातीचा आखाडा. निवृत्तीनंतरही हौद्याची माती उलटायला ते यायचेच.

माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर आतापर्यंत तीन सूचना आल्यात: अर्धपुतळा, सरांच्या नावानं फिरता चषक, आणि हॉल घेऊन सभा. एकीवरही सगळ्यांचं जमेना.

दरम्यान सरांच्या घरून दोन पत्र्याच्या ट्रंका आपल्याकडं आल्या. आत फोटो, कात्रणं, हजेरीच्या वह्या आणि एक सुती दोरी. दोरीला रंगीत दोरे बांधलेत. टेप लावून मोजलं ते असं: ३.७५ मीटरला पांढरा, ४.७५ ला पिवळा, ६.५० ला पुन्हा पांढरा, १३.६० आणि १४.४२ ला हिरवा, १६.४० ला लाल, ३१.३८ ला निळा, ३३.१२ ला काळा. काळ्यावर शाईनं फुली मारलीय. शिवाय एका टोकापासून ३, ७ आणि १२ मीटरवर गाठी.

दोन प्रश्न. या खुणा कशाच्या? आणि सरांची आठवण म्हणून नेमकं काय करावं, जे त्यांनाही पटलं असतं? मैदानाची आज दैना आहे. चर पडलेत, हौद्यात गवत उगवलंय.

कागलकर
पुतळा नको. पुतळ्याला वर्षातून एकदा हार, बाकीचे दिवस धूळ.

भूमितीवाला
३, ७ आणि १२ च्या गाठी म्हणजे पायथागोरस. बाजू ३, ४ आणि ५. पहिलं टोक आणि १२ ची गाठ एकाच खुंटीला धरायची, ३ च्या गाठीला दुसरी खुंटी, ७ च्या गाठीला तिसरी. दोरी ताणली की ३ च्या गाठीपाशी काटकोन मिळतो. वर्गातलं प्रमेय सर मैदानावर असं वापरून दाखवायचे.

पण मोठ्या मैदानाला एवढ्यानं भागत नाही. पाच मीटरच्या त्रिकोणात बोटभर चूक झाली तर २७ मीटरवर ती वीतभर होते. म्हणून चारही कोपरे ठोकून झाले की कर्ण मोजायचा. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच मैदान काटकोनी.

बाकीच्या खुणा मग आपोआप उलगडतात. पुरुषांचं कबड्डीचं मैदान १३ × १० मीटर, त्याचा कर्ण १६.४०. तो लाल. महिलांचं १२ × ८, कर्ण १४.४२. लहान गटाचं ११ × ८, कर्ण १३.६०. हे दोन हिरवे. ३.७५, ४.७५ आणि ६.५० म्हणजे पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून निदान रेषा, बोनस रेषा आणि अंतिम रेषा. निळा ३१.३८ म्हणजे २७ × १६ चा कर्ण, तो खो-खोचा.

काळ्याचं कोडं मात्र सुटलं नाही.

खोखो_खांब
काळं मी सांगतो. खो-खोचं मैदान आधी २९ × १६ मीटर होतं. त्याचा कर्ण करून बघा, ३३.१२ येतो. नंतर लांबी २७ झाली. सरांनी नवीन निळा दोरा बांधला आणि जुन्यावर फुली मारली. काढून मात्र टाकला नाही!

खो-खोचं मैदान आखायचा क्रम लिहून ठेवतो, कारण यात नेहमी गोंधळ होतो.

बाहेरचा चौकोन आधी. मग दोन्ही आखूड बाजूंचे मध्य काढून त्यांना जोडणारी मधली रेघ. या रेघेवर दोन्ही टोकांपासून १.५ मीटर आत खांब, म्हणजे खांब ते खांब २४ मीटर. टोकाची ती दीड मीटरची पट्टी म्हणजे मुक्त क्षेत्र. मधली पाटी, म्हणजे पट्टा, ३० सेंमी रुंद, तिला छेदणाऱ्या आठ आडव्या पाट्या. छेदतात तिथं आठ चौक, तिथं पाठलाग करणारे आठ जण बसतात. नववा पळतो.

खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंमी, व्यास ९ ते १० सेंमी, वरून खालपर्यंत सारख्या जाडीचा आणि गुळगुळीत. चूक होते ती पुरण्यात. खड्ड्यात नुसती माती लोटली तर चार सूर (अंग झोकून मारलेल्या झेपा) बसले की खांब डुलायला लागतो. तळाशी दगड, मग वीत वीत मुरूम टाकून पहारीनं ठोकत यायचं. खांबाला खिळा, कुस (लाकडाचा बारीक काटा), फट काही चालत नाही. खांबाला धरून वळताना सगळा भार तळहातावर येतो. एक कुस राहिली तर मोसम संपेतो पोरगं बाहेर.

पेठेतला_भाऊ
सगळं ठीक, पण हे कोल्हापूर आहे. फुटबॉलची स्पर्धा लावा, बघा कशी गर्दी होते. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा काटा किर्रर्र सामना असला की निम्म्या पेठा रिकाम्या पडतात. लोक येतील, निधी जमेल.

जुना_बाक
भाऊ, सर फुटबॉल बघायला जायचे, शिकवला मात्र कधी नाही. ज्यांची आठवण करायची त्यांचे खेळ तीन: खो-खो, कबड्डी, कुस्ती. शिवाय शाळेच्या मैदानात फुटबॉल मावत नाही.

पेठेतला_भाऊ
मान्य. मग मैदानाची जोडणी लावा, रोलर ओढायला आमच्या तालमीची पोरं येतील.

तांबडी_माती
हौद्याबद्दल कोणीच बोलेना म्हणून लिहितो. आठवण जपायची तर तो पहिला जिवंत करा. गवत उगवलेला हौदा म्हणजे कुलूप लागलेलं देऊळ.

सरांचा हौदा १५ × १५ फूट. माती फूटभर हवी. १५ × १५ × १ म्हणजे २२५ घनफूट, म्हणजे सव्वादोन ब्रास. चाळल्यावर खडे-मुळ्या निघतात आणि माती दबते, म्हणून तीन ब्रास मागवा. तांबडी माती घ्या. काळी माती पाण्यानं चिकटते आणि वाळली की तिची ढेकळं अंगाला लागतात. मुरूम तर नकोच, गुडघे सोलतात.

जुनी माती सगळी फेकायची नाही. वरचं गवत मुळासकट काढा, माती बाहेर ओढून चार दिवस कडक उन्हात पसरा, मग चाळून त्यातली थोडी नव्या मातीत मिसळा. तळ मोकळा करून एका बाजूला किंचित उतार द्या, नाहीतर ओल तळाशी साचून माती आंबते.

सरांचं प्रमाण दर ब्रासला असं: ताक २० लिटर, हळद २ किलो, लिंबं ५०, तेल ५ लिटर, काव (गेरू) ५ किलो, कापूर पाव किलो, आणि कडुलिंबाचा वाळवून चुरलेला पाला पाटीभर. प्रत्येक तालमीचं प्रमाण वेगळं असतं, हे एका शाळेच्या हौद्याचं.

क्रम चुकवू नका. कोरड्या मातीत आधी काव, हळद, पाला आणि कापूर मिसळा. मग ताक शिंपडत शिंपडत, एकजण शिंपडतोय आणि दोघे फावड्यानं उलटतायत असं. तेल शेवटी, तेही हातानं चोळून. तेल एकदम ओतलं की त्याचे गोळे होतात आणि ते गोळे महिनाभर फुटत नाहीत. त्यानंतर तीन दिवस रोज दोनदा माती उलटायची. नाही उलटली तर ताकाचा वास धरतो आणि आठवडाभर हौद्यात कोण उतरत नाही.

ओल बघायची रीत: मूठभर माती दाबून लाडू करा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. तीन-चार तुकडे झाले तर बरोबर. भुगा झाला तर कोरडी, नाकाडोळ्यात उडणार. लाडू तसाच राहिला तर ओली, पाय अडकून गुडघा पिळवटणार. शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको, वाफसा तो वाफसाच.

हळदीचा_पेव
दोन ठिकाणी माझं मत वेगळं आहे.

ताकात मीठ नसावं हे लिहायचं राहिलं. घराघरांतून ताक गोळा केलं की कुणाकडून तरी मीठ-जिऱ्याचं येतंच. मीठ ओल ओढतं आणि खरचटलेल्या अंगाला झोंबतं. एकाच डेअरीतून सांगून आणा.

दुसरं, हळद दुकानातली दळलेली घेऊ नका. रंग मिसळलेली निघाली तर लंगोटापासून कानापर्यंत पिवळं होतं आणि उपयोग शून्य. सांगलीची बाजारपेठ हाकेवर आहे. हळकुंड आणा, गिरणीतून दळून घ्या. लिंबं ५० जास्त वाटतात. लिंबाचा रस ताज्या जखमेला आग करतो, लहान पोरं बिचकतात. वीस पुरेत.

तांबडी_माती
मिठाचं अगदी खरं, राहून गेलं होतं. लिंबं वीस करू. हळदीबद्दल तुमच्यापुढं कोण बोलणार.

पांढरा_कोट
हळद आणि कडुलिंब असलं म्हणजे माती निर्जंतुक झाली असं समजू नका. आखाड्यात गजकर्ण पसरतं ते मुख्यतः अंगाला अंग लागून, आणि एकाचा लंगोट-टॉवेल दुसऱ्यानं वापरून. ज्याच्या अंगावर गोल, खाजरा, कडेला लाल चट्टा दिसतो, त्याला उपचार पूर्ण होईपर्यंत हौद्यात उतरू देऊ नका. चट्टा फिका पडला की औषध थांबवतात, तिथं घोटाळा होतो. तो उलटतो आणि चार जणांना देऊन जातो. मेडिकलमधून स्वतःच्या मनानं आणलेलं मिश्र मलम, ज्यात स्टेरॉईड असतं, त्यानं खाज थांबते आणि बुरशी मात्र वाढते.

सरांची शिस्त इथं डॉक्टरी होती. उतरण्याआधी नखं तपासणं, प्रत्येकाचा लंगोट वेगळा आणि रोज धुतलेला, सरावानंतर लगेच आंघोळ. ती तीन वाक्यं पत्र्यावर रंगवून हौद्याशेजारी लावा.

आणखी एक. वजनी गटात बसावं म्हणून पोरांना पाणी तोडायला लावतात, ते सरांनी कधी चालू दिलं नाही. वाढीच्या वयात पाणी तोडून, स्वेटर घालून पळवून वजन उतरवणं धोक्याचं आहे. चक्कर, पायांत गोळे, मूत्रपिंडावर ताण. वरच्या गटात हरला तरी चालेल, हे त्यांचं धोरण स्मृती म्हणून आधी लिहून ठेवावं.

हलगी
पांढरा_कोट यांना दंडवत. वरचा परिच्छेद प्रत्येक तालमीच्या दारावर लावावा.

धावती_ताई
मुलींच्या संघाबद्दल कुणी लिहिलं नाही. सरांच्या हजेरीच्या वह्यांत मुलींच्या खो-खोचीच पानं जास्त असतील, उघडून बघा.

सूर शिकवायची त्यांची पायरी जपायला हवी, कारण आज थेट पळत येऊन सूर मारायला लावतात आणि गुडघे, हनुवट्या फुटतात. सरांची पद्धत:

ओली, भुसभुशीत केलेली माती किंवा वाळू. सुरुवात गुडघ्यांवर बसून. तिथून पुढं झेपावायचं, आधी तळवे, मग छाती, मग पोट. झेपावल्यावर गुडघा पुन्हा जमिनीला लागता कामा नये. हनुवटी वर, कोपरं किंचित वाकलेली. कोपर ताठ ठेवलं की सगळा झटका मनगटाला आणि खांद्याला. हे न घाबरता जमलं की उकिडवं बसून तेच. मग एक पाऊल टाकून, मग तीन, आणि शेवटी पळत. समोरचा गडी पळता ठेवायचा तो यानंतरच. एकेका पायरीला आठवडा लागला तरी सर पुढं जात नसत.

चौकातली बैठकही तशीच. पंजांवर भार, टाचा उचललेल्या, हाताची बोटं पुढं जमिनीला. टाच टेकवून बसलेली मुलगी खो मिळाल्यावर आधी टाच उचलते, मग उठते. त्या अर्ध्या क्षणात धावक दोन पाट्या पुढं. खो देतानाही पाठीला हात आणि तोंडातून 'खो' एकाच वेळी. शब्द आधी आणि हात नंतर झाला तर पंचांची शिट्टी ठरलेली.

कागलकर
आणि सरांची शिट्टी! ती वाजली की रस्त्यावरचा सायकलवालाही पाय टेकवायचा.

धावती_ताई
एक लांब आणि दोन आखूड म्हणजे जागा बदला. तीन आखूड म्हणजे पाणी प्या. मैदानावरचं सगळं त्या शिट्टीवर चालायचं.

दप्तरखाना
ट्रंकांबद्दल कळकळीनं सांगतो, कारण फोटोंचं नुकसान बहुधा प्रेमापोटीच होतं.

लॅमिनेशन करू नका. उष्णतेनं चिकटलेलं प्लास्टिक फोटोपासून पुन्हा सुटत नाही, आणि आतला फोटो पिवळा पडतच राहतो. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो ओढून काढू नका. दात साफ करायचा बारीक धागा फोटोच्या मागून करवतीसारखा हळू सरकवा, मग सुटतात. नाहीच सुटला तर अल्बमसकट स्कॅन करा.

स्कॅन ६०० डीपीआयला. पोस्टकार्डाहून लहान फोटो असेल तर १२०० ला. मोबाईलनं फोटोचा फोटो काढू नका, चमक येते आणि कडा वाकतात. मूळ फाईल टिफमध्ये ठेवा, ग्रुपवर पाठवायला जेपेग. तीन प्रती: एक शाळेत, एक घरी, एक ऑनलाइन.

सगळ्यात निकडीचं काम नावांचं. संघाच्या फोटोत उभे डावीकडून, बसलेले डावीकडून, असं लिहून घ्या. फोटोच्या मागं बॉलपेननं लिहू नका, पुढून उठतं. मऊ शिसपेन, हलक्या हातानं, कडेला. नावं आताच गोळा करा, कारण ओळखणारे सगळे साठीच्या पुढचे आहेत.

वर्तमानपत्राची कात्रणं फोटोंबरोबर ठेवू नका. त्या कागदातलं आम्ल शेजारच्या फोटोला डागाळतं. चांगल्या कागदावर झेरॉक्स काढा, मूळ कात्रण वेगळ्या पाकिटात.

आणि आपला पाऊस. ट्रंक भिंतीला टेकवून, फरशीवर ठेवली की जुलैत आत बुरशी. खाली दोन विटा, भिंतीपासून वीतभर लांब, आत सिलिका जेलच्या पुड्या. पुड्या दर महिन्याला बदला किंवा तापवून घ्या.

जुना_बाक
तुम्ही लिहिलंत आणि आम्ही जाऊन बघितलं, ट्रंक फरशीवरच होती. उचलली. दोरीचं काय करावं? काचेत लावावी असं काहींचं म्हणणं.

भूमितीवाला
काचेत नको, ती वापरायची वस्तू आहे. तिनंच मैदान आखू.

दप्तरखाना
नका हो. जुनी सुती दोरी ताणली की पीळ सुटतो, आणि दोरे सरकले तर सरांच्या हाताची मापं गेली. शिवाय सुती दोरी ओली झाली की आखडते. दवात भिजलेल्या दोरीनं आखलेलं मैदान लहान भरतं.

खोखो_खांब
दोघांचंही खरं. मूळ दोरी शाळेत जपून ठेवा आणि तिच्या मापाच्या दोन नकला करा. नकलेला नायलॉन नको, ताणलं की वाढतो. पॉलिस्टरची विणलेली दोरी घ्या, खुणा स्टीलच्या टेपवरून करा आणि दरवर्षी टेपला लावून बघा. रंग सरांचेच. काळा दोरासुद्धा बांधा, फुलीसकट.

भूमितीवाला
हे पटलं. ऐन कामाच्या वेळी स्टीलचा टेपही सोबत असू द्या.

तांबडी_माती
चुन्याची एक सूचना. रेघा मारायला चुनकळी आणू नका. ओल लागली की ती तापते, आणि सूर मारणाऱ्या पोरांच्या डोळ्यात, खरचटलेल्या जागी गेली की भाजते. पांढरी दगडाची भुकटी किंवा खडूची पूड वापरा. रेघ ५ सेंमी. दोरी लावून तिच्या एकाच बाजूनं पूड टाका, नाहीतर रेघ नागमोडी होते.

हलगी
आता मूळ प्रश्नाकडं येतो. मैदान, हौदा, फोटो सगळं करा, पण एखाद्या पोराच्या प्रवासाचा खर्चही सरांच्या नावे व्हायला हवा.

खाशाबा जाधवांना १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ मिळालं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते जिथं शिकले त्या आपल्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी त्यांच्या प्रवासासाठी स्वतःचं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. त्याआधी १९४८ ला लंडनला जाताना कोल्हापूरच्या महाराजांनी खर्च उचलला होता. मातीत तयार झालेला मल्ल तिथं मॅटवर उतरला आणि सहावा आला. चार वर्षांनी ब्राँझ.

सांगायचं ते एवढंच की पोराजवळ डाव असतात, ढाक असते, कलाजंग असते. अडतं ते गाडीभाड्यावर. सरांनी किती तिकिटं स्वतःच्या खिशातून काढली ते त्यांच्या वह्यांत कुठं सापडणार नाही.

मोतीबागेच्या_वाटेवर
हलगी यांना दुजोरा. गणपतराव आंदळकर १९६० चे हिंद केसरी, १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण. त्यानंतर मोतीबाग तालमीत त्यांनी किती मल्ल घडवले हे कोल्हापूरला सांगायला नको. पदक एकदा मिळतं, वस्तादपण रोज पहाटे उठून करावं लागतं. आपले सर त्या मापाचे प्रसिद्ध नव्हते, पण पहाट तीच होती.

एक जोडतो. शाळेत माती टिकवायचीच, पण पुढच्या स्पर्धा गादीवर, म्हणजे मॅटवर होतात. आंतरराष्ट्रीय गादीवर ९ मीटर व्यासाचं वर्तुळ असतं. मातीत पाय रुततो, गादीवर सरकतो, म्हणून मातीतला पोरगा पहिल्यांदा गादीवर उतरला की पट काढताना (समोरच्याचा पाय धरून ओढताना) उशिरा पोचतो. निधीतून आठवड्यातून दोन दिवस जवळच्या गादीवर न्यायची सोय झाली तर ते सरांचं अर्धं राहिलेलं काम होईल.

हिशेबनीस
निधी गोळा करायच्या आधी दोन गोष्टी.

कुणा एकाच्या खात्यावर पैसे घेऊ नका, कितीही विश्वासू असला तरी. नोंदणीकृत माजी विद्यार्थी संघ असेल तर त्याचं खातं वापरा. नसेल तर किमान सात सभासद जमवून धर्मादाय कार्यालयात संस्था नोंदवा. नियमावली, उद्देश, सभासदांची यादी, जागेचं संमतीपत्र लागतं. खात्यावर तिघांपैकी दोघांच्या सह्या.

दुसरं, मुद्दल खर्च करू नका. समजा दोन लाख जमले आणि ठेवीला ७ टक्के मिळाले, तर वर्षाला १४,००० रुपये. त्यात पाच-सहा पोरांचं स्पर्धेचं भाडं आणि दोन जोड बूट बसतात. हौद्याचं ताक-हळद यातून काढू नका, ते दरवर्षी वर्गणीनं करा. वर्गणी थांबली तर माणसं यायची थांबतात.

पेठेतला_भाऊ
शेवटचं वाक्य आमच्या तालमीत वाचून दाखवलं.

कागलकर
मुहूर्त कधीचा? गुरुपौर्णिमा की शिक्षक दिन?

खोखो_खांब
दोन्ही पावसात. गुरुपौर्णिमा आषाढात, ५ सप्टेंबरला मैदानात चिखल, २९ ऑगस्टचा राष्ट्रीय क्रीडा दिनही ओला. त्या दिवशी फक्त भाषणं होतील, खेळ नाही. १५ जानेवारी घ्या. खाशाबांचा जन्मदिवस, आपल्या राज्याचा क्रीडा दिन, आणि मैदान कोरडं.

मैदानाला वेळ लागतो, म्हणून मागून मोजत या. पाऊस पूर्ण उघडल्यावर, दिवाळीनंतर चर भरायला घ्या. वीतभर खणून ढेकळं फोडा, खडे वेचा. मुरूम खाली, बारीक चाळलेली माती वर. एका कडेला उतार, शंभराला एक. २७ मीटरवर २७ सेंमी होतो, डोळ्याला दिसत नाही पण पाणी निघून जातं. पाणी मारून रात्रभर सोडा, वाफसा आला की रोलर. ओल्यात रोलर फिरवला तर माती रोलरलाच चिकटून येते, वाळल्यावर फिरवला तर नुसता वरून घसरतो. असं पाणी आणि रोलर चार-पाच वेळा, मधे दोन-तीन दिवस सोडून. लांब बाजू दक्षिणोत्तर ठेवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ लांबीच्या दिशेनं पळणाऱ्यांच्या डोळ्यावर सूर्य येत नाही.

धावती_ताई
१५ जानेवारीला पहिला सामना मुलींचा ठेवा. नऊ मिनिटांचा डाव, पूर्ण नियमांनी.

जुना_बाक
सगळ्यांचं वाचलं. रविवारी शाळेत मुख्याध्यापकांशी बोलणं झालं, त्यांची परवानगी आहे.

ठरलं ते असं. पुतळा नाही. सभा नाही. दिवाळीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला मैदानावर फावडी-टिकाव घेऊन. तीन ब्रास तांबडी माती एका माजी विद्यार्थ्याकडून, वाहतुकीसह. हळद सांगलीहून हळदीचा_पेव आणणार. ताक डेअरीचं, बिनमिठाचं. फोटोंची नावं घ्यायला दप्तरखाना दर शनिवारी दुपारी शाळेत बसतील, ज्यांच्या घरी जुने संघांचे फोटो असतील त्यांनी आणावेत, लगेच स्कॅन करून परत. निधीचं हिशेबनीस बघतील, सात सभासदांपैकी पाच झालेत, दोन हवेत.

धावती_ताई, तुम्ही म्हणालात ते बरोबर निघालं. अकरा वह्यांपैकी सात मुलींच्या खो-खोच्या आहेत. प्रत्येक सरावाला कोण किती वेळ नाबाद राहिली, ते सेकंदांत लिहिलंय. शेवटच्या वहीत मागच्या पानावर दोरीची आकृती आहे, सगळ्या रंगांसकट. एकच खूण कळत नाही: २.१० मीटरला एक निळसर फिका दोरा. तो दोरीवर नाही, फक्त वहीत आहे.

भूमितीवाला
२.१० कबड्डीत बसत नाही. खो-खोतही माझ्या हिशेबात येत नाही. आकृतीत तो दोरा कुठल्या टोकापासून काढलाय? आणि शेजारी काही अक्षर?

जुना_बाक
शेजारी 'मा.' एवढंच लिहिलंय.

तांबडी_माती
मारुती असेल. हौद्याच्या कडेपासून मारुतीच्या कोनाड्यापर्यंत. रविवारी टेप घेऊन या, मोजूनच बघू.

धावती_ताई
टेप मी आणते, स्टीलचा.